वस्तादांची पाठ

मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, जाऊन आलो म्हटलं की आमच्या सोलापुरातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. नाक्यावर त्रास दिला का, आणि पाणी बाधलं का. दोन्हींची उत्तरं देऊन मी कंटाळलो. ज्या कामासाठी गेलो होतो त्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि ते उभ्या उभ्या सांगण्यासारखंही नाही. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

माझा धंदा हाडं बसवण्याचा. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा, धरलेली कंबर. माणूस समोर आला की मी आधी त्याची चाल बघतो, मग तोंड. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी आधी मूर्तीचे खांदे सारखे आहेत का ते बघाल. ते खरंच आहे. पण या धंद्यात मी हातानं आलो नाही, पायानं आलो. मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले. उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घ्यायची, ही आपल्याकडची रीत. मला चालता येत नव्हतं तेव्हापासून गल्लीतले लोक माझा पाय धरून आपल्या कमरेला लावून घेत. मोठा झालो, तालमीत जाऊ लागलो, तशी लाथही जोराची झाली आणि नावही झालं. सकाळी आमच्या दारात माणसं ओणवी होऊन उभी असत.

ती तालीम मलकाप्पा वस्तादांची. वस्ताद जातीनं लिंगायत, गाव सास्तूर, लोहाऱ्याकडचं, निजामाच्या मुलखातलं. तरुणपणी सोलापुरात आले आणि राहिले. कुस्ती शिकवायचे आणि हाडं बसवायचे. एकदा त्यांच्यासमोर मी एका हमालाला लाथ घातली. हमाल "लई बरं वाटलं" म्हणत गेला. वस्ताद त्याच्या पाठमोऱ्या चालीकडं बघत राहिले. तो आला होता तसाच वाकडा चालत होता.

"त्याला बरं वाटलं," वस्ताद म्हणाले, "त्याच्या पाठीला न्हाय. पायाळ्या, पाय ठेव बाजूला. हात दे."

त्या दिवसापासून मी कुणाला लाथ मारलेली नाही. वस्तादांनी माझे हात घडवले. डोळे बांधून गव्हाच्या रिकाम्या पोत्याखाली ठेवलेला दोरा कुठं आहे ते बोटांनी ओळखायला लावायचे. पाठीला हात लावण्याआधी माणसाला अंगणभर चालवायचं. हाताला जे लागेल ते त्या माणसाला खरं सांगायचं, गोड करून सांगायचं नाही. आणि जगण्याचे त्यांचे काही नियम होते. जमिनीवर बसायचं, भिंतीला टेकायचं नाही. उठताना हाताचा आधार घ्यायचा नाही. ओझं आज या खांद्यावर तर उद्या त्या. घोंगडीवर झोपायचं, पोटात थोडी जागा ठेवून उठायचं. रोज पहाटे अंघोळ करून ते डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसत, तेव्हा त्यांची पाठ अशी सरळ असे की बघून आम्ही पोरंही नकळत ताठ होत असू. पुढं वडील गेले, शेती बघायला कुणी नाही, म्हणून ते सास्तूरला परत गेले. भेटी कमी होत गेल्या.

गेल्या मार्गशीर्षात सास्तूरचा एक कापडवाला सोलापूरच्या बाजाराला आला आणि माझ्या दारात उभ्यानंच सांगून गेला, "वस्ताद पडल्यात. येऊन जा म्हणाले."

ढोकी

सास्तूरला खरं म्हणजे नळदुर्गावरून मोटारीनं जावं. पण लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही आणि मोटारी कधी सुटतील याचा भरवसा नाही. शिवाय बार्शीत एका गिऱ्हाइकाच्या मोडलेल्या हाताला बांधलेल्या कामट्या सोडायच्या होत्या. म्हणून बार्शीवरून छोट्या गाडीनं ढोकीला उतरलो. ही गाडी इतकी सावकाश जाते की वाटेतल्या शेतातल्या बाईनं हाक मारली तर तिला उत्तर देऊन होतं.

स्टेशनावर पाटी उर्दूत. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, कारकून सामान उघडून बघतो. माझ्या पिशवीत निरगुडीचं तेल, तिळाचं तेल, बांबूच्या कामट्या आणि पट्ट्या. त्यानं एकेक बाटली हुंगली.

"ये क्या दवाखाना है?"

मी सांगितलं, हाडवैद्य आहे, सास्तूरला चाललोय. माझ्यामागं उभ्या असलेल्या बार्शीच्या माणसानं उत्साहानं भर घातली, "पायाळू हैत, साब. लई नामी."

कारकुनाचा चेहरा पालटला. मला त्याच्या बसण्यावरून दिसतच होतं, उजव्या बाजूला उसण होती. तो उठला, इकडंतिकडं बघितलं, आणि निजामाच्या सरकारी डगल्यासकट माझ्यासमोर ओणवा झाला.

"मारो," तो म्हणाला, "लेकिन आहिस्ता."

सगळे बघायला लागले. मी त्याला सरळ केलं, बाकावर पालथं निजवलं आणि हातानं कंबर सोडवली. तो उठून दोन पावलं चालला, खूश झाला, पण थोडा नाराजही झाला. जाताना म्हणाला, "लात मारते तो पक्का होता." माझ्या बाटल्या त्यानं स्वतः पिशवीत भरून दिल्या. बुचं मात्र नीट बसवली नाहीत. बैलगाडीत बसल्यावर थोड्या वेळानं धोतराला ओल लागली आणि कळलं की निरगुडीचं सगळं तेल माझ्या अंथरुणानं पिऊन टाकलंय. मी कारकुनाला मनातल्या मनात खूप बोललो.

बेंबळी

गाडीवान इमामसाब म्हणून ढोकीचाच. पन्नाशीचा, चालीला उत्तम, पण बसायला अगदी वाईट. त्यावरून आमचं बेंबळीत भांडण झालं.

मुलूख काळ्या मातीचा. दोन्हीकडं ज्वारी पोटऱ्यात आलेली, मध्ये करडीचे पट्टे, कडेला हरभरा. आमच्याकडच्यापेक्षा माणसं हळू बोलतात आणि बोलण्यात "जी" फार. पाणी मागितलं तर आधी गुळाचा खडा हातावर ठेवतात. चहा कुठं मिळेना. साखर नाही, असं प्रत्येक ठिकाणी ऐकलं. बेंबळीत एका घराच्या ओट्यावर आम्हाला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक मिळालं. भाकरी इतकी मोठी आणि पातळ की ती आमच्या सोलापूरच्या कडक भाकरीची थोरली बहीण वाटली. घरच्या म्हातारीनं मी कुठला, कुणाकडं चाललो हे विचारून घेतलं. "देव करो आन् तुमचं मानूस बरं हो," म्हणाली.

जेवण झाल्यावर इमामसाबनं डोक्याचा पटका सोडला, कमरेमागून घेऊन दोन्ही उभ्या गुडघ्यांभोवती फिरवला, गाठ मारली आणि त्या वेढ्यात मागं रेलून बसला. हात मोकळे, डोळे मिटलेले. ही बैठक मला मुळीच खपत नाही. वस्तादांच्या तालमीत असं कुणी बसलं की पाठीत गुद्दा बसायचा. "पटका डोस्क्याला बांधायचा असतुय, कमरेला न्हाय," असं ते म्हणायचे.

मी म्हणालो, "इमामसाब, अशानं पाठ आळशी होते. म्हातारपणी मोडशील."

त्यानं एक डोळा उघडला. "म्हातारपन आलंच की जी. दिनभर पाठनं मला धरलं. आता घडीभर कपडा पाठीला धरतो. त्यात काय बिघडलं?"

"स्वतःच्या पाठीनं बसावं माणसानं."

"तुमची पाठ दुखत न्हाय म्हून बोलता, पैलवान," तो म्हणाला आणि झोपून गेला. मला राग आला. मी भिंतीला न टेकता त्याच्यासमोर ताठ बसून राहिलो, आणि खरं सांगायचं तर माझीही कंबर भरून आली.

सास्तूर

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात सास्तूरला पोचलो. इमामसाब मला उतरवून माघारी गेला. दारात वस्तादांचा मुलगा इरण्णा आणि सून गौराक्का उभी होती. त्या भागात घरात कानडी, बाहेर मराठी, आणि सरकारी कामाला उर्दू. "शरणार्थ, नागूदादा. बर्री, कुंद्री," गौराक्का म्हणाली. नमस्कार, या, बसा. पण मी बसलो नाही. वस्ताद कुठं निजलेत ते दिसत होतं.

मी ज्यांना बघायला आलो होतो ते घोंगडीवर कुशीवर पडले होते. खांदे रुंद, पण त्यावर मांस उरलेलं नाही. डोळे मात्र तेच. मला बघून ते म्हणाले, "चालून दाखव."

मी अंगणात एक चक्कर मारली.

"डावा खांदा खाली टाकाय लागलायस. पिशवी बदलत न्हायस." मग थोडं हसले.

इरण्णानं मला बाजूला नेलं. पाठ दुखते म्हणून पावसाळ्यात वस्ताद पडले. गावानं उसण ठरवली. शेजारच्या गावचे दोन पायाळू आणले. वस्ताद नको नको म्हणत होते, पण दुखण्यानं बेजार झालेले, शेवटी पालथे झाले. पहिल्या लाथेनं आठवडाभर उठले नाहीत. दुसरीनंतर त्यांना बसताच येईना.

"मग अजून पायाळूच बोलावलात?" मी विचारलं.

"तुमी त्यांचे शिष्य, दादा. तुमच्या पायाला गुण यील, असं सगळं गाव म्हनतंय. म्या बी." इरण्णाचे डोळे भरले. "आन् त्यांचं खानं तुटलंय."

ते मला गौराक्कानं समजावून सांगितलं. लिंगपूजा झाल्याशिवाय वस्ताद घास घेत नाहीत. पूजा बसूनच करायची, ही त्यांची जन्माची सवय. पडल्या पडल्या लिंग तळहातावर घेऊन पाहिलं, पण पूजा झाली असं त्यांना वाटतच नाही. मग घासही उतरत नाही. घरच्यांनी गळ घातली की चार घोट माडगं पितात आणि ताट परत करतात. सहा फुटांचा माणूस असा झिजत चालला होता.

"मठाच्या स्वामींना इचारलं," ती म्हणाली, "ते म्हनले पडून केली तरी चालती. पन मामंजींचं मन घेत न्हाय."

मी वस्तादांजवळ गेलो. त्यांनी इरण्णाला बाहेर पाठवलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"पायाळ्या," ते म्हणाले, "समदं करून बघितलं. तू बी एकदा मार."

माझा विश्वास बसेना. ज्या माणसानं माझा पाय बाजूला ठेवायला लावला तोच मला लाथ मागत होता. गुरू, वडलांच्या वयाचे, गळ्यात लिंग. त्यांच्या अंगाला माझा पाय लागला तर मी अंघोळ करून पाया पडलो असतो. आणि ते पाठ माझ्याकडं करून वाट बघत होते. मला हुंदका आला आणि तो मी आवरला नाही.

"माझा पाय तुम्हीच बाजूला ठेवायला लावला, वस्ताद. आता तो कुठून आणू?"

त्यांनी पाठीवरचं पांघरूण खाली सारलं. मग म्हणाले, "मग हात लाव."

मी हात लावला. मानेपासून मणक्यांवरून बोटं खाली नेली. पाठीच्या मध्यावर एक मणका बाहेर आला होता, टोकदार, आणि त्याच्या खालचा जणू नव्हताच. आजूबाजूला मऊ सूज. असं मी पूर्वी दोनदा पाहिलं आहे. ही उसण नव्हती, सरकलेला मणकाही नव्हता. हाड आतून किडलं होतं. माझी बोटं तिथंच थांबली.

"काय लागलं?" तालमीत विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं.

मी बोटं पुन्हा वरून खाली नेली.

"हाताला लागलं ते सांगायचं. काय शिकिवलं तुला?"

"हाड किडलंय, वस्ताद. हे हातानं बसणारं नाही. लाथेनं तर..."

"बरुबर," ते म्हणाले. त्यांचं अंग एकदम सैल झालं. "मलाबी तसंच वाटत हुतं. पन आपली पाठ आपल्या हाताला लागत न्हाय. म्हून तुला बोलिवलं. लाथ मागितली ती दुखन्यानं."

मी सोलापूरच्या दवाखान्याबद्दल बोललो. तिथं काय सांगतात ते मला ठाऊक होतं: फळीवर महिनोन् महिने निजून राहायचं. "निजूनच हाय की," ते म्हणाले. तिथवर गाडी आणि रेल्वे सोसणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी रागानं विचारलं, "तुम्ही सगळे नियम पाळले. भिंतीला टेकला नाहीत, कधी जास्तीचा घास घेतला नाही. मग हे तुम्हालाच का?"

"नियमानं दुखनं टळतं असं म्या कवा म्हनलो? हाय तवर नीट चालावं, नीट बसावं, येवढंच. ते म्या केलं." मग माझा हात धरला. "आता मला बसतं कर. पूजेपुरतं. दुसरं काय मागत न्हाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. बसलात तर भार त्याच मणक्यावर येईल. तो खचला तर कमरेखालचं जाईल.

"पाय लई चालले," ते म्हणाले. "आता त्यांचं काम न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयत्न केला. निरगुडीचं तेल रस्त्यात सांडलेलं, म्हणून घरच्या करडीच्या तेलानं पाठीच्या कडेचे आखडलेले स्नायू सैल केले. गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेकलं. मग इरण्णानं आणि मी उचलून त्यांना भिंतीला लावून बसवलं, दोन्ही बाजूंना उशा. टेकण भिंतीचं. त्यांनी डोळे मिटून घेतले ते दुखण्यानं की शरमेनं, कळलं नाही. भिंतीला लागला की तो बाहेर आलेला मणकाच आधी टेके. ते कळवळून पुढं झुकत, पुढं झुकले की तोल जाई. तरी त्यांनी लिंग काढून तळहातावर घेतलं. गौराक्कानं पाणी, विभूती, बेलपान पुढं ठेवलं. बेलपान उचलताना ते कलले, हात खाली आला आणि लिंग तळहातावरून घरंगळलं.

गौराक्कानं ते जमिनीला लागायच्या आत ओंजळीत झेललं. तिनं ते त्यांच्या छातीवर ठेवलं आणि त्यांना आडवं केलं. लिंगायताच्या हातून लिंग पडणं म्हणजे प्राण जाण्यासारखंच, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वस्तादांनी त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही.

सबंध आयुष्यात एवढी हाडं बसवली, आणि एक माणूस बसवता येत नव्हता. मी परसात जाऊन बसलो. घरातून कुणी बोलवायला आलं नाही याचंच बरं वाटलं.

येळवस

त्याच्या दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली अमावास्या होती. या भागात तिला येळवस म्हणतात. आमच्या सोलापूर शहरात या दिवशी काही नसतं. इथं मात्र गाव ओस पडतं. सगळी माणसं शेतात जातात, कडब्याच्या पेंढ्यांची खोपी घालतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, पूजा करतात आणि तिथंच जेवतात. घरात कुणी राहत नाही.

इरण्णा म्हणाला, यंदा आपण जायचं नाही. आतून वस्तादांचा आवाज आला.

"पीक माझ्यासाठी थांबतंय व्हय? मला बी न्या."

गाडीत कडबा पसरला, त्यावर घोंगडी, आणि त्यांना कुशीवर निजवून आम्ही निघालो. बैल मी धरले आणि पायी चाललो, म्हणजे धक्का बसणार नाही. गौराक्काच्या डोक्यावर नव्या मडक्यात आंबील, वर शाल पांघरलेली. साऱ्या वाटांनी अशीच माणसं शेताकडं निघालेली. जो तो गाडीपाशी थांबे, वस्तादांना शरणार्थ करी आणि माझ्या पायांकडं बघे.

ज्वारीच्या मध्यावर खोपी होती. उभ्या पेंढ्यांच्या तीन बाजू, वर कडबा, दार उगवतीला. आत हिरवा वास. वस्तादांना आत निजवलं. इरण्णा मडकं घेऊन पिकाच्या कडेनं आंबील शिंपडायला निघाला. "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा ठरलेला पुकारा त्याच्याकडून येऊ लागला आणि चारी बाजूंच्या रानांतून तसाच पुकारा त्याला मिळू लागला. एवढा मोठा आवाज, पण दिसत कुणी नाही, सगळे ज्वारीत बुडालेले.

वस्ताद ऐकत पडले होते. डोळ्यांतून पाणी कानाकडं चाललं होतं. "बसून बघितलं असतं," ते म्हणाले.

मी त्या पेंढ्यांकडं बघत होतो. भिंत जिथं टोचते तिथं पेंढी दबते. मधली काढून घेतली तर मणक्यासाठी जागा मोकळी राहील. मागचं जमलं. पण पुढं झुकणं कसं थांबवायचं? आणि मला बेंबळीच्या ओट्यावर रेललेला इमामसाब दिसला, एक डोळा उघडून माझ्याशी भांडणारा.

मी डोक्याचा पटका सोडला.

वस्तादांनी बघितलं. त्यांना लगेच कळलं.

"न्हाय," ते म्हणाले. "तसं न्हाय."

"वस्ताद..."

"जनमभर पोरांना गुद्दे घातले त्यापायी."

"सगळे माझ्या पाठीत घाला," मी म्हणालो. "पण आज ऐका. तुमच्या पाठीनं तुम्हाला आयुष्यभर धरलं. आता घडीभर दुसऱ्या कशाला तरी धरू द्या."

हे शब्द माझे नव्हते. ते मी त्यांना सांगितलं नाही.

बाहेर पुकारा चालूच होता. शेवटी त्यांनी हात वर केला, म्हणजे उचला. इरण्णा परत आला होता. आम्ही त्यांना उचलून पेंढ्यांपाशी ठेवलं, पाठीच्या मध्याला मोकळी जागा सोडली. गुडघे उभे केले. मी पटका कमरेच्या वरून, दुखऱ्या जागेच्या खालून घेतला, गुडघ्यांभोवती आणला, पुन्हा मागं नेला, दुसरा वेढा बरगड्यांखाली. मोडलेल्या हाडाला कामट्या बांधताना ताण जसा बोटांनी बघत बघत देतात तसा दिला. गाठ बाजूला मारली. मग हळूहळू हात काढून घेतले.

ते पडले नाहीत. पुढं झुकले तेव्हा गुडघ्यांनी पटका ओढला आणि पटक्यानं त्यांना. मान वर आली. खांदे मागं गेले. मणक्याला काही लागत नव्हतं. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि मला तोंड फिरवावं लागलं, कारण मी सोलापूरच्या तालमीतली ती पहाटेची पाठ पुन्हा बघत होतो.

गौराक्कानं पाणी दिलं. त्यांनी गळ्यातलं लिंग सोडलं, डाव्या तळहातावर घेतलं. हात गुडघ्यावर टेकला होता, त्यामुळं हलला नाही. विभूती लावली, बेलपान वाहिलं आणि ते तळहाताकडं बघत राहिले. आम्ही तिघंही न ठरवता ताठ बसलो होतो. पूजा किती वेळ चालली ते मला सांगता येणार नाही.

पूजा आटोपून त्यांनी लिंग परत गळ्यात बांधलं आणि म्हणाले, "वाढा."

आंबील प्यायले. मग भज्जी मागितली. हरभऱ्याचा पाला, तुरीचे दाणे, गाजर, बोरं, चिंच, सगळं एकत्र शिजवलेली ही दाट भाजी येळवशीलाच होते. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे. त्यांनी अर्धा उंडा खाल्ला आणि हात राखला. पोटात जागा ठेवायचा नियम मोडला नव्हता. गौराक्का पदरात तोंड घालून रडत होती आणि वाढतही होती.

आसपासच्या रानांतली माणसं खोपीच्या तोंडाशी येऊन बघून जात होती. एक म्हातारा म्हणाला, "पायाळूचा पाय लागला न्हवं? म्या म्हनलोच हुतो." मी काही बोललो नाही. वस्ताद बोलले.

"पाय न्हाय रं. पटका."

म्हाताऱ्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

ऊन कलायला लागलं तसं मी गाठ सोडायला गेलो, कारण जास्त वेळ बसणं बरं नव्हतं. त्यांनी माझा हात धरून थांबवला आणि इरण्णाला जवळ बोलावलं. लिंगायतांत माणूस गेला की त्याला निजवत नाहीत, बसवून पुरतात. हे मला ठाऊक होतं, पण इतके दिवस ते मनात आलं नव्हतं. त्यांच्या मनात ते रोज येत असणार.

"इरण्णा, गाठ बघून ठेव," ते म्हणाले. "कुटनं घेतलाय, कसा फिरीवलाय. माझी येळ आली की असाच बांध. लोक घाईनं दाबून बसिवत्यात. माझी हाडं मोडू दिऊ नको. म्या लई जनांची बसिवल्यात."

इरण्णानं मान हलवली. मी गाठ सोडून पुन्हा बांधली, सोडून पुन्हा बांधली, आणि तिसऱ्यांदा त्याच्याकडून बांधवून घेतली. वस्ताद मध्येच म्हणाले, "ढिली हाय," आणि त्यानं ती नीट केली.

परत

आणखी काही दिवस राहिलो. रोज सकाळी इरण्णा बांधायचा, मी नुसता बघायचो. पूजा व्हायची, मग अर्धी भाकरी जायची. पायांची शक्ती कमी होत होती, ते मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. निघताना पाया पडलो. ते म्हणाले, "खांदा," म्हणून मी पिशवी उजव्या खांद्यावर घेतली.

पटका तिथंच ठेवून बोडक्यानंच निघालो. दुसरा पटका इरण्णा देत होता, तो मी घेतला नाही. मोगलाई असो की सोलापूर, बोडक्या डोक्यानं प्रवास करणाऱ्या माणसाकडं लोक सुतकी म्हणून बघतात ते सगळ्यांना माहीत आहे. समोरून येणारे बाजूला होत. बेंबळीत त्या ओट्यावरच्या म्हातारीनं न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला आणि हळूच म्हणाली, "गेलं का रं लेकरा तुझं मानूस?" मी नाही म्हणालो, तिला ते खरं वाटलं नाही.

घरी पोचलो तेव्हा बायको दारात उभी होती. माझ्या उघड्या डोक्याकडं बघितलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अगं बाई! गेले का हो वस्ताद?"

"नाही," मी म्हणालो. "बसलेत."